मुठीत झाकलेला ठोकळा

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मी सांगितलं नाही तर माझी बायको सांगते आणि ती उदाहरणं देते. दूधवाला मापात अंगठा बुडवतो की काय, शेजारचा आपला पेपर आधी वाचून मग आपल्या दारात टाकतो की काय, असल्या प्रश्नांवर मी उमेदीची वर्षं खर्च केली आहेत. त्यात नोकरी स्टोअरकीपरची. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. ‘साहेब, एक पाना द्या’ म्हणत कुणी खिडकीशी आला की माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा, ‘मागच्या पान्याचं काय केलंस?’ असला माणूस शास्त्र वाचायला बसला तर त्यात काय शोधणार? आरोपी.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही वाशीत नवे होतो आणि वाशीही नवीच होती. सेक्टरांना आकडे मिळाले होते, पण रस्त्यांना दिवे मिळायचे होते. चार मजली बिल्डिंग, भोवती गुडघाभर गवत, आणि खिडकी उघडली की आधी खाडीचा वास आत यायचा, मग डास. दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. आल्या आल्या मी सोसायटीला न विचारता बाल्कनी बंद करून बायकोला तिथं ओटा करून दिला होता. गवंड्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून बाल्कनीची भिंत मी स्वतः उभं राहून, त्याला पदोपदी सूचना देत घालून घेतली होती. ती आलेल्या-गेलेल्याला दाखवायची माझी सवय होती.

आम्ही नगरकडची ख्रिस्ती माणसं. तेव्हा आमच्या पंथाचं देऊळ, म्हणजे चर्च, गाठायचं तर पूल ओलांडून मुंबईला जावं लागायचं. म्हणून आमच्यातली पाच-सहा कुटुंबं दर बुधवारी संध्याकाळी आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर मावशींच्या घरी शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबल वाचायला, जमायची. मावशी इस्पितळात नर्स होत्या, एकट्या राहायच्या, आणि सख्खी मावशी कुणाचीच नसल्यामुळे सगळ्यांच्या मावशी होत्या. शिकवायला गुरुजी. ते मराठी शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले होते आणि शिकवायला कुणी मिळालं नाही तर त्यांना बरं वाटत नसे.

सतरंजीवर गोल करून बसायचं, एकमेकांना सलाम करायचा, एक गाणं म्हणायचं आणि मग वाचन. वाचनाची पद्धत अशी की, ओळीनं एकेकानं एकेक वचन वाचायचं आणि ज्याच्या वाट्याला जे वचन येईल त्याचा अर्थ त्यानंच सांगायचा. पण अर्थ सांगायचा तो ‘स्वतःला लावून’. शेजाऱ्याला, सासूला किंवा सरकारला लावून चालत नसे.

ही अट मला पहिल्यापासून जाचक वाटत होती. म्हणून मी बोटांवर पुढची वचनं मोजत बसायचो. आपल्यावर काही जड येतंय असं दिसलं की मला तहान लागायची. मी पाणी पिऊन येईपर्यंत ते वचन शेजारच्याच्या गळ्यात पडलेलं असे. अशा रीतीनं मी पुष्कळ पश्चात्ताप चुकवले. आशीर्वादाच्या वचनांना मात्र माझा घसा कधी कोरडा पडला नाही.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर गुरुजींनी इब्री लोकांतला एक संदेष्टा काढला. हा काही देवळातला माणूस नव्हता. मेंढपाळ होता, जोडीला उंबराच्या झाडांची राखण करायचा. गावाकडून उठला आणि परक्या मुलखात जाऊन तिथल्या खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांना फडाफडा बोलला. आम्ही त्याला आपसात नुसतं ‘मेंढपाळ’ म्हणायचो.

“या मेंढपाळाची तऱ्हा बघा,” गुरुजींनी पहिल्याच दिवशी पाटीवर एक वर्तुळ काढलं. “हा आधी शेजाऱ्यांना धरतो. उत्तरेकडच्यांची पापं काढतो, मग समुद्राकाठच्यांची, मग दक्षिणेकडच्या भाऊबंदांची. ऐकणारे खूश. माना डोलावताहेत, ‘बरं झालं, यांना कुणीतरी सुनवायलाच पाहिजे होतं!’ असा सगळ्या आळीला फेरी मारून तो शेवटी कुणाच्या दारात उभा राहतो?”

“त्यांच्याच,” मावशी म्हणाल्या.

“त्यांच्याच!” गुरुजींनी वर्तुळाच्या मधोमध खडू असा दाबला की तो मोडला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही का हसताय?”

“काही नाही गुरुजी. मला आमच्या वरच्या मजल्यावरच्यांची आठवण झाली. त्यांनाही कुणीतरी सुनवायला पाहिजे.”

मला त्या मेंढपाळाचा पुढचा पश्चात्तापाचा भाग आठवत नव्हता. सुरुवातीचा आरोपाचा भाग मात्र मला एकदम पसंत पडला. हा आपल्यासारखाच संशयी दिसतोय, असं वाटलं. आणि त्या आनंदात मी माझा आरोपी निवडला.

आमच्यात एक ओव्हरसियर होता. ज्या कचेरीनं हे सेक्टर उभे केले तिथंच तो कामाला होता आणि आमची बिल्डिंग बांधली गेली तेव्हा तिच्यावर देखरेख त्याचीच होती. बायको, दोन शाळकरी मुली आणि कचेरीनं दिलेलं क्वार्टर, एवढा त्याचा संसार. माणूस मोजकं बोलणारा. पण मावशींच्या घरात आला की तो दर बुधवारी एकाच भिंतीशी बसायचा. बैठकीची खोली आणि झोपायची खोली यांच्या मधली ती भिंत. बसायच्या आधी तिच्यावरून तळहात फिरवायचा. मग पाठ टेकायचा आणि बसल्या जागी हलकासा दाब देऊन बघायचा. घडीव दगडांची घरं बांधणाऱ्यांना त्यात राहायला मिळणार नाही, अशा अर्थाचं एक वचन आलं, त्या दिवशी तर त्यानं चहा तसाच ठेवला.

“त्याची पाठ दुखत असेल,” बायको म्हणाली.

“पाठ दुखली तर माणूस पाठ चाचपतो. भिंत कशाला चाचपेल?”

“तुम्ही शास्त्र वाचायला जाता की पाळत ठेवायला?”

मी तिला समजावून सांगितलं. ते दिवस सिमेंटच्या टंचाईचे होते. सिमेंट परमिटवर मिळायचं आणि परमिटाशिवाय जास्त मिळायचं. त्या भिंतीतलं सिमेंट भलतीकडे गेलं असणार आणि भिंतीत खाडीची वाळू असणार. म्हणून हा दर बुधवारी येऊन बघतो, अजून उभी आहे ना. माझी साखळी इतकी पक्की होती की तिला पुराव्याची गरज नव्हती. पण पुरावा आपण होऊन चालत आला.

गुरुजींनी पुढच्या बुधवारच्या अध्यायाची कल्पना दिली. मेंढपाळाला दृष्टान्त होतो. देव एका भिंतीशी उभा आहे आणि त्याच्या हातात ओळंबा आहे. आपली माणसं सरळ उभी आहेत की कलली आहेत, हे तो आता त्या ओळंब्यानं बघणार आहे.

ओळंबा मला चांगला ठाऊक होता. मशिनं बसवायला लागतो म्हणून आमच्या स्टोअरात दोन होते, एक मोठा, एक लहान. भोवऱ्यासारखा टोकदार पितळी लट्टू, त्याला दोरी, आणि दोरीत ओवलेला एक लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीच्या वरच्या अंगाला टेकवून धरायचा आणि लट्टू खाली सोडायचा. भिंत सरळ असेल तर लट्टू खाली भिंतीला जेमतेम शिवतो. फट राहिली किंवा लट्टू भिंतीला टेकून दोरी वाकली तर भिंत वाकडी. यात वादाला जागा नाही, फितवायला साक्षीदार नाही. असली हत्यारं मला फार आवडतात.

बुधवारी दुपारी मी लहान ओळंबा काढला. त्याची दोरी ठोकळ्यात अडकली होती म्हणून सोडवून, लट्टू आणि ठोकळा वेगळे करून खणात, मोठ्याच्या सुट्या लट्टू-ठोकळ्याशेजारी ठेवले. सुटीचा भोंगा झाल्यावर घाईघाईनं लट्टू जेवणाच्या डब्यात घातला आणि ठोकळा खिशात. लेखी परवानगी घेतली नव्हती. परवानगी देणारा मीच असल्यामुळे ते मला अपमानास्पद वाटलं.

गेटवरचा वॉचमन तुर्भे गावातलाच होता. त्यानं माझा डबा हातात घेऊन तोलला.

“सायब, जेवल्यावर डबा हलका व्हतंय. तुमचा जड कसा झायला?”

“बायकोनं लाडू दिले होते. संपले नाहीत.”

“लाडू हान का गोलं हान?” असं म्हणून त्यानं डबा कानाशी हलवला. आत पितळ खणखणलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्या पायांकडे बघितलं. पावसाळ्यात त्याचे गमबूट माझ्याच खिडकीतून सुटायचे. “जा सायब,” तो म्हणाला. “वहिनीला सांगा, पाक कमी ठेव.”

देवाच्या न्यायाचं हत्यार मी असं सोडवून आणलं.

त्या संध्याकाळी मी लवकर गेलो, जागा हेरली आणि मोजलं. ओळंब्याचं वचन माझ्या बायकोवर येत होतं. मध्येच मला तहान लागली. परत आलो तोवर रांग एकानं सरकली होती आणि ते वचन बरोब्बर ओव्हरसियरवर गेलं होतं. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मला खरोखरीच तहान लागली.

ओव्हरसियरनं वाचायला सुरुवात केली. भिंत या शब्दाशी आल्यावर त्यानं तोच शब्द पुन्हा वाचला. कसंबसं वाक्य संपवलं आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

“हं,” गुरुजी म्हणाले, “अर्थ? स्वतःला लावून.”

त्यानं मागच्या भिंतीवर तळहात टेकवला. हीच ती वेळ, असं मला वाटलं.

“गुरुजी, पुष्कळांनी ओळंबा पाहिला नसेल. प्रत्यक्षच दाखवू का?” असं म्हणत मी पिशवीतून ओळंबा काढला. लट्टूला दोरी मी घरीच बांधून ठेवली होती. “भाऊ, जरा सरकता का? हीच भिंत घेऊ.”

तो उठून बाजूला झाला. मी स्टुलावर चढलो, ठोकळा मुठीत घट्ट धरून भिंतीला टेकवला आणि लट्टू खाली सोडला. लट्टू डोलला, फिरला, स्थिर झाला. सगळे पुढे वाकून बघू लागले. लट्टू आणि भिंत यांच्यामध्ये फट होती. साधीसुधी नव्हे, पेन्सिल आडवी सरकली असती एवढी.

“म्हणजे काय हो?” मावशींनी विचारलं.

“म्हणजे भिंत वरून खोलीत झुकली आहे.”

“अगं बाई! पलीकडून माझी कॉट आहे तिला लागून!”

“मग ती पलीकडे पडणार नाही, इकडे पडेल,” मी धीर दिला.

“इकडे आम्ही बसतो!” गुरुजी म्हणाले आणि पाटी उचलून दोन हात मागे सरकले.

तेवढ्यात दारात सोसायटीचे सेक्रेटरी. हे समोरच्याच घरात राहायचे. आमच्या गाण्यांत आपल्याविरुद्ध काही नाही ना, याची खात्री करायला बुधवारी त्यांचं दार नेहमी चार बोटं उघडं असे. “काय चाललंय? प्रार्थना करा, माझी ना नाही, पण भिंतींशी काय करताय?” मग त्यांची नजर फटीवर गेली. “हे किती आहे? आणि हे कधीपासून आहे?”

मी उत्तर देणार, इतक्यात ओव्हरसियर बोलला. तो उभाच होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा.

“गुरुजी, मला स्वतःला लावून सांगायचंय. ही भिंत चढत होती तेव्हा माझ्या थोरलीला टायफॉइड झाला होता. मी साइटवर नव्हतो. परत आलो तोवर गिलावा होऊन गेला होता. भिंत तपासली म्हणून सही पाहिजे होती. मी केली. ओळंबा न लावता केली. तेव्हापासून इथं येतो तेव्हा पाठ टेकून बघतो. हलत नाही असं वाटायचं. आज दिसलं. साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी येतील. मी जाऊन सगळं सांगतो.”

“आणि क्वार्टर?” त्याची बायको एवढंच म्हणाली.

नोकरी गेली की क्वार्टर जाणार, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यानं तिच्याकडे न बघता मान हलवली. त्या दिवशी चहा कुणी मागितला नाही, आणि मावशींनी विचारलाही नाही.

मी स्टुलावर तसाच उभा होतो, ओळंबा धरून. मला सिमेंटचोर पाहिजे होता. मिळाला तो पोरीच्या आजारपणात एक सही मारून चुकलेला बाप. तरीही, खरं सांगतो, जिना चढताना मी बायकोला म्हणालोच, “बघ, मी म्हणत होतो ना, भिंतीत काहीतरी आहे.” तिनं घराचं दार उघडलं, स्वतः आत गेली आणि लावून घेतलं. मला थोडा वेळ बाहेर उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळी बिल्डिंग संशयानं भरून गेली. सेक्रेटरी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगून आले, “टेन्शन घेऊ नका, फक्त जड कपाटं भिंतीपासून लांब ठेवा.” एवढं ऐकल्यावर कोण टेन्शन घेणार नाही? लोकांनी जमिनीवर गोट्या सोडून पाहिल्या. गोट्या गोल असल्यामुळे घरंगळल्या. लगेच बातमी झाली की बिल्डिंग खाडीच्या दिशेनं कलली आहे. पहिल्या मजल्यावर परातीत पाणी भरून ठेवलं होतं आणि घरातली माणसं आळीपाळीनं त्यावर नजर ठेवत होती. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना तर चालताना तोल जाऊ लागला. त्यांचं मत असं की तळमजल्यावर दर आठवड्याला एवढ्या वरच्या पट्टीत गातात, त्यानं भिंत हलणारच.

मावशी कॉट ओढून स्वयंपाकघरात झोपू लागल्या. भेटल्या की म्हणत, “भिंतीचं काय, डागडुजी होईल. त्या पोरीच्या बापाचं काय होणार?” मला वाटायचं, हा प्रश्न त्या मुद्दाम मलाच विचारतात. तो संशय अगदीच खोटा नसावा.

शनिवारी मी ओळंबा परत न्यायला काढला. या वेळी जड डबा बाहेर नव्हे, आत जात होता, म्हणून वॉचमन काही बोलला नाही. स्टोअरात गेलो, खण उघडला. आत मोठ्या ओळंब्याचा लट्टू पडला होता आणि त्याच्याशेजारी एक इवलासा ठोकळा. एवढ्या लट्टूला एवढासा ठोकळा, म्हणजे बापाच्या डोक्यावर पोराची टोपी. मी खिशातून माझा ठोकळा काढला. तो मोठा होता.

ओळंब्याची सगळी गंमत अशी की, ठोकळा आणि लट्टू एकाच जाडीचे पाहिजेत. ठोकळा जाड आणि लट्टू बारीक असेल तर जगातली सगळ्यात सरळ भिंतही वाकडी दिसणार. घाईत मी मोठ्याचा ठोकळा आणि लहानाचा लट्टू उचलला होता. जोड्या जुळवून ठेवणं यासाठीच कारखाना मला पगार देत होता. त्या दिवशी जमलेल्या कुणालाही हे दिसलं नव्हतं, कारण ठोकळा सबंध वेळ माझ्या मुठीत झाकलेला होता. ओव्हरसियरला एका नजरेत कळलं असतं, पण त्याची नजर फटीवरून हललीच नव्हती.

मी अर्धी रजा टाकली आणि थेट त्याच्या क्वार्टरवर गेलो. या वेळी लट्टू आणि ठोकळा हातात उघडे धरले होते. गेटवर वॉचमननं मला थांबवून तोंडावर विचारलं, “ह्यो लाडू?” मी म्हटलं, “हो.”

ओव्हरसियरच्या घरात पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढलेली होती. धाकटी मुलगी तिच्यावर बसून पाढे म्हणत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गुरुजींनी पाठवलं का तुम्हाला?”

“नाही हो. खरंच ठोकळा बदलला होता.”

“मी सोमवारी जाऊ नये म्हणून सांगताय.”

“भाऊ, मी कधी कुणाचं भलं करण्यासाठी खोटं बोललोय का?”

त्यानं विचार केला. “नाही,” तो म्हणाला. माझ्या चारित्र्याचा एवढा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

मग त्यानं ठोकळा घेतला, लट्टूशी लावून पाहिला, पुन्हा पाहिला. आतून त्याची बायको दारापर्यंत आली. “भिंत सरळ आहे?” तिनं विचारलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “तेव्हाही माहीत नव्हतं. उद्या बघू.”

रविवारी सकाळी तो स्वतःचा ओळंबा घेऊन आला, फडक्यात गुंडाळलेला. मावशींच्या घरात गुरुजी, सेक्रेटरी आणि निम्मी बिल्डिंग जमली होती. त्यानं मला शिवू दिलं नाही. स्वतः स्टुलावर चढला, ठोकळा दोन बोटांत धरला आणि लट्टू सोडला. लट्टू खाली येऊन भिंतीला शिवला. नुसता शिवला, मांजराच्या मिशीसारखा. त्यानं जागा बदलून पाहिलं. तिथंही तेच. मावशी मोठ्यानं “स्तोत्र म्हणा कुणीतरी!” म्हणाल्या. ओव्हरसियर स्टुलावरून उतरला, आणि भिंतीला कपाळ लावून पाठमोराच उभा राहिला. तेवढ्यापुरतं आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

“मग हा माणूस आम्हाला चार दिवस नाचवत होता?” सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“हो,” मी म्हणालो.

मला वाटलं, मिटलं. पण ओव्हरसियर म्हणाला, “आलोच आहे तर सगळ्याच बघतो. त्या महिन्यात मी आणखी कुठं सह्या केल्या, मला आठवत नाही.” मग त्यानं मजल्यामागून मजला घेतला. मी मागून स्टूल वाहत होतो, तो माझा हुद्दा. सेक्रेटरी संशयानं मागोमाग. पहिल्या मजल्यावरच्या भिंती सरळ निघाल्या. परातीतलं पाणी ओतून दिलं गेलं. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्याही सरळ. काकूंचा तोल परत आला. काकूंच्या घाईपायी वर जाताना सोडलेला दुसरा मजला खाली उतरताना घेतला. आमच्या घरातल्या भिंतीही सरळ. मी हुशारून म्हणालो, “आता जरा बाल्कनीतली बघा. मी स्वतः उभं राहून घालून घेतली आहे.”

लट्टू खाली पोचलाच नाही. मध्येच भिंतीच्या पोटाला टेकला आणि दोरी वाकली. भिंत मधून चांगली फुगली होती, माझ्यासारखीच. बायको ओट्याशी चहा करत होती. तिनं वळून भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गॅस बारीक केला.

“ही आमची नाही,” ओव्हरसियर सेक्रेटरींना म्हणाला.

“ही बाल्कनी बंद करायची परवानगी कुणी दिली?” सेक्रेटरी मला म्हणाले.

गुरुजी मागून जिना चढून धापा टाकत आले होते. त्यांनी हवेत बोटानं एक वर्तुळ काढलं आणि मधोमध टिंब दिलं. मेंढपाळ सगळ्या आळीला फेरी मारून माझ्या दारात उभा होता आणि त्याचं स्टूल मीच वाहून आणलं होतं.

सोमवारी ओव्हरसियर साहेबांकडे जाणार नाही, अशी माझी खात्री होती. भिंत सरळ निघाली, आता कशाला? बुधवारी आम्ही शेवटच्या अध्यायाला बसलो तेव्हा त्याची जागा रिकामी होती. मला लगेच शंका आली, आता हा लाजेनं येणार नाही. वाचन सुरू झालं. हा अध्याय वेगळाच होता. इतका तोडून बोलणारा मेंढपाळ शेवटी पडलेली झोपडी पुन्हा उभी करण्याच्या गोष्टी करतो, तिच्या चिरा बुजवायच्या, ओसाड पडलेल्या गावांत लोकांनी परत यायचं, मळे लावायचे. गुरुजी म्हणाले, “ओळंबा भिंत पाडायला नसतो. उभी करायला असतो. पाडायला काय, कुदळ पुरते.”

वाचन मध्यावर आलं तेव्हा ते नवरा-बायको आले. तो सलाम करून दाराजवळच बसला, भिंतीपासून लांब.

“गेलो होतो,” तो म्हणाला. “साहेब म्हणाले, भिंत सरळ आहे ना, मग आता काय? मी म्हणालो, भिंत सरळ आहे साहेब, सही वाकडी आहे.”

“मग?” मावशींनी विचारलं.

“त्यांनी फाइल मागवून सही बघितली. बढतीच्या यादीत नाव होतं, ते या वर्षी काढतो म्हणाले. कळंबोलीला लोखंड बाजाराच्या कामावर जायचं. क्वार्टर राहिलं.”

त्याच्या बायकोनं पदरानं तोंड पुसलं. ती रडत होती की हसत होती, ते मला कळलं नाही. पहिल्यांदाच मी शोधून काढायचा प्रयत्न केला नाही. कळंबोलीला पाठवलं ही शिक्षा की विश्वास, याबद्दल मात्र मला आजही शंका आहे. त्याला नव्हती. चहाचा कप त्यानं लगेच उचलला.

त्या गोंधळात मी मोजायला विसरलो होतो आणि चिरा बुजवण्याचं वचन माझ्यावर आलं. तहानही लागेना. वाचलं. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. “अर्थ?”

“रविवारी बाल्कनीची भिंत पाडतोय,” मी म्हणालो. “सेक्रेटरींची परवानगी घेऊन परत घालणार आहे.”

“परवानगी मिळाली?”

“मागितली आहे. त्यांना अजून संशय आहे.”

शनिवारी रात्री सेक्रेटरींनी परवानगी दिली आणि रविवारी ओव्हरसियर आपण होऊन आला. जुनी भिंत पाडून झाल्यावर मी विटा भिजवल्या, माल कालवला, तो थरावर थर लावत गेला. कमरेएवढी झाली तेव्हा त्यानं ओळंबा लावला, तोंडानं ‘च्’ केलं आणि वरचे दोन थर मला उतरवायला लावले. बायको दारात उभी राहून हे सगळं फार समाधानानं बघत होती. छातीएवढी झाल्यावर तो खाली बसला आणि लट्टू जिथं येणार तिथं डोळा लावून म्हणाला, “आता वरून तुम्ही धरा.”

माझ्यावर ओळंबा सोपवतोय, हे बघून मला भरून आलं. मी ठोकळा घट्ट धरला आणि भिंतीला टेकवला.

“असा नाही,” तो खालून म्हणाला. “मूठ उघडा. मला ठोकळा दिसू द्या.”